वाघाची सरासरी

वाघ नसला की आमची पुंगी एकदम हुशार असते. वाघ आला की मात्र विचारात पडते.

हे अख्ख्या योजनेत कोणालाच माहीत नव्हतं. महामंडळात एम.टेक. झालेले सात जण बसतात, त्यांनाही नाही. कळलं मला. मी नववीत शाळा सोडली. नापास झाले नाही, सोडली. मास्तर फळ्यावर चुकले होते आणि कबूल करत नव्हते, म्हणून दप्तर उचललं आणि घरी आले.

आमचं गाव सावळटोली. तिन्ही बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला रस्ता, आणि वाघ रस्त्यावरही. चैत्र लागला की बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. फूल पहाटेच गळतं, उशीर केला की हरणं खाऊन टाकतात. वाकून वेचणारी बाई वाघाला मागून जनावरासारखी दिसते. पाच वर्षांत आमच्या पट्ट्यातल्या नऊ बाया गेल्या. त्यातली एक माझी काकू.

मग वन्यजीव इशारा महामंडळ आलं आणि त्यांच्यासोबत पुंगी आली.

पुंगी म्हणजे गळ्यात घालायची सुपारीएवढी गोळी. रानात झाडाझाडावर कॅमेरे. कॅमेरा दर सेकंदाला एक फोटो काढतो, फोटो क्लाउडमध्ये जातो, तिथलं ॲप ठरवतं वाघ आहे की नाही. असला तर जवळपास जेवढ्या गळ्यांत पुंग्या असतील तेवढ्या एकदम किंचाळतात.

क्लाउड म्हटलं की लोक वर बघतात. भैताड! आमचा क्लाउड ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात. आधी हे सगळे कॉम्प्युटर म्हणे दूर शहरात एकाच इमारतीत असायचे. आता तोडून गावोगाव वाटलेत. एक डबा आमचा, एक शेजारच्या गावचा, दहा तालुक्याला, हजार नागपूरला, सगळे तारेनं जोडलेले. कोणतं ॲप कोणत्या डब्यात चालेल हे माणूस ठरवत नाही. मुकादम ठरवतो. मुकादम म्हणजे एक प्रोग्राम. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण तो कामं वाटून देतो म्हणून साहेब लोकही त्याला मुकादमच म्हणतात.

प्रत्येक ॲपच्या नावानं मुकादमाला एक गरजपत्रक द्यायचं. उत्तर किती वेळात पाहिजे, काम किती तातडीचं, कोणाची गरज. मुकादम लिहिलंय तेवढं देतो. रत्तीभर कमी नाही, रत्तीभर जास्त नाही. जवळच्या डब्यात जागा नसेल तर काम लांबच्या डब्यात पाठवतो, तिथं रांग असेल तर रांगेत उभं करतो. मुकादम खोटं बोलत नाही. ते काम माणसांनी स्वतःकडे ठेवलंय.

पुंगी यायच्या आधी बाया दहा-बारा जणी मिळून जायच्या. एक वेचायची, एक पत्र्याचा पिंपा बडवायची, वानर खेकसलं की सगळ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या. पुंगी आली आणि प्रत्येकीला आपापलं झाड आठवलं. माझी आई, वनिता दडमल, नाल्याकाठच्या त्या मोहापर्यंत जायला लागली जिथं माझ्या आजीच्या काळापासून कोणी गेलं नव्हतं. एकटी. कमरेला टोपली, गळ्यात पुंगी, आणि बसस्टँडवर तिचा हा एवढा मोठा फोटो: ‘मी निर्धास्त!’ महामंडळाला पोस्टरसाठी हसरी बाई पाहिजे होती. आईचे दात चांगले आहेत.

त्या दिवशी मी तिच्यामागे गेले होते. ती माझ्यापासून तीस पावलांवर पाठमोरी वाकलेली. वर वानर खेकसलं. आई ढिम्म. पुंगी गप्प आहे म्हणजे वानर खोटं, असं आता गावात चालतं.

मी पाहिलं. कॅमेऱ्याच्या झाडाखालून तो आला. सरळ, आरामात, बाजारातून आल्यासारखा. येऊन आईच्या मागं उभा राहिला. त्यांच्यात आमच्या अंगणाएवढं अंतर. मला ओरडायचं होतं. आवाज निघेना. तोंड आपोआप मोजायला लागलं. एक, दोन, तीन. वाघ आईकडे बघत होता. अकरा, बारा. आई गाणं गुणगुणत होती. वीस. त्यानं जांभई दिली. पंचवीसला वळला आणि नाल्यात उतरला, कारण त्याचं पोट भरलेलं होतं. बाकी काही कारण नाही.

एक्केचाळीसला पुंगी किंचाळली.

आई टोपली टाकून धावत आली आणि मला मिठी मारली. “पाह्यलं? पाह्यलं का आरू? वाचवलं का नाही पुंगीनं?”

“आई, तो तुह्या मांगं उभा होता. गेल्यावर वाजली.”

“वाजली ना पण!”

दुपारी तिनं कॅमेऱ्याच्या झाडाला हळदकुंकू लावलं. मी दगड उचलला होता. मारला नाही, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पुण्य.

*

महामंडळाचं ऑफिस तालुक्याला, अकरा किलोमीटर. तिथं निनाद सबनीस नावाचे इंजिनीअर होते, पुण्याचे. भिंतीवर स्क्रीन, स्क्रीनवर सगळी गावं, सगळी हिरवी.

“बाळ, सावळटोलीचा प्रतिसाद जिल्ह्यात पहिला आहे,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात पुरस्कार समिती येतेय तुमच्याकडे.”

“मी बाळ नाही. आरोही दडमल. काल तुमची पुंगी एक्केचाळीस सेकंदांनी वाजली.”

“अशक्य.” त्यांनी आमच्या गावावर बोट ठेवलं. आकडा आला. शून्य पूर्णांक एकवीस सेकंद. “गरजपत्रकात सरासरी एक सेकंद मागितलाय. आपण पाव सेकंदाच्याही आत देतोय.”

“कशाची सरासरी?”

“सगळ्या फोटोंची.”

“सगळे म्हणजे किती?”

“एका कॅमेऱ्याचे दिवसाला शहाऐंशी हजार चारशे.”

“त्यात वाघ किती?”

ते हसले. “फार तर पंधरा-वीस.”

“तेवढेच काढा.”

“तसा रिपोर्ट नसतो.”

“नसतो म्हणजे निघत नाही, का तुम्ही काढत नाही?”

चहा आला होता. त्यांनी तो बाजूला सरकवला, काहीतरी टाईप केलं, पुन्हा टाईप केलं. मग आकडा आला. एक्केचाळीस पूर्णांक सहा. लालसुद्धा नव्हता. साधा काळा. या आकड्यानं लाल व्हावं असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

सबनीस साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्यांनी समजावलं, आणि खरं सांगते, चांगलं समजावलं. आमचा मास्तर असा असता तर मी दहावी झाले असते.

“रिकाम्या फोटोत काही हललं नाही, एवढं बघायला ताकद लागत नाही. गावचा डबा ते चुटकीसरशी सांगतो. पण काही हललं की ते गाय आहे, माणूस आहे, बिबट्या आहे की वाघ, हे ओळखायला मोठं मॉडेल लागतं. त्याला गावच्या डब्यात जागा नाही. मग मुकादम बाहेर जागा शोधतो. तालुका भरलेला, नागपूरला रांग. परवा एक वाघ इंदूरला गेला होता.”

“वाघ?”

“वाघाचा फोटो.”

“सुरुवातीपासून असंच आहे का जी?”

“नाही. आधी तीन सेकंद लागायचे. पण सरासरी एक सेकंदापर्यंत चालते म्हटल्यावर मुकादमाला दिसलं की आपल्याकडे भरपूर सवड आहे. जसजशी नवी ॲप्स आली तसतशी ती सवड त्यानं त्यांना दिली. त्याचं काही चुकलं नाही. त्यानं अट पाळली.”

“म्हणजे वाघ नाही हे लगेच, अन् वाघ आहे हे चाळीस सेकंदांनी.”

“सरासरी बघितली तर—”

“मोहात सरासरी वाघ येत नाही जी. अख्खा येते.”

मी विचारलं, आमच्या डब्यात एवढं आहे तरी काय. त्यांनी यादी उघडली. नऊ ॲप्स. पंचायतीच्या दारात सरपंच रेखाताई जीवतोडेंचा बोलका फोटो, येणाऱ्या प्रत्येकाला नावानं ‘या, बसा’ म्हणणारा. लग्नाच्या हॉलमधले हवेतले हत्ती. पोट्ट्यांच्या क्रिकेटची धावती कॉमेंट्री. म्हशींची कुंडली. नऊच्या नऊ ‘अतितातडीचे’. पत्रकं भरली होती आमच्या ग्रामसेवकानं. त्या माणसानं सव्वीस वर्षांच्या नोकरीत ‘अतितातडीचे’ शिक्का न मारता एक कागद पुढं पाठवला नाही, कारण साधा कागद टेबलावरून हलत नाही हे त्याला माहीत आहे. फक्त वाघाचं पत्रक त्यानं भरलं नव्हतं. ते महामंडळाच्या शिकलेल्या लोकांनी भरलं होतं. प्रामाणिकपणे. ‘तातडी: मध्यम. प्रतिसाद: सरासरी एक सेकंद.’

“हे बदलता येते?”

“एका ओळीचं काम आहे. ‘वाघाचा प्रत्येक फोटो, एका सेकंदात’ असं लिहायचं. मग मुकादमाला गावच्या डब्यात अर्धी जागा कायमची रिकामी ठेवावी लागेल, वाघ येवो न येवो. बाकीच्यांना बाहेर काढावं लागेल. ते रांगेत जातील.”

“मग काढा.”

“मला अधिकार नाही. ज्याची गरज त्याची सही लागते.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. “समितीची भेट आहे हो पुढच्या आठवड्यात. आत्ता काही बदललं की प्रश्न येतात.”

गरजपत्रकाच्या तळाशी सही होती. थरथरत काढलेली तीन अक्षरं. वनिता.

उद्घाटनाला आईचा सही करतानाचा फोटो काढला होता. कशावर सही, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यांना तरी कुठं माहीत होतं म्हणा.

खोलीच्या कोपऱ्यात प्लायवूडचा एक वाघ उभा होता, खऱ्याएवढा, खाली चाकं. चाचणीसाठी आणलेला. त्याच्या पाठीवर कोणीतरी जेवणाचा डबा ठेवला होता.

“हा मी नेते,” मी म्हटलं.

सबनीस साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि वाघ माझ्या सायकलच्या मागं बांधला. अकरा किलोमीटर गावागावांतली कुत्री माझ्यामागं लागली.

*

“जळून राहिली का तू माह्यावर?” आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं होतं. सरासरी, मुकादम, इंदूर. तिनं भाकरी थापणं थांबवलं नव्हतं.

“जिंदगीत पहिल्यांदा कोणी माहा फोटो लावला. पहिल्यांदा मोठमोठे लोकं माहं ऐकून राहिले. अन् तू म्हणते का मी खोट्यावर सही केली.”

“तुले येड्यात काढलं त्यायनं.”

तिनं पिठाचा हात माझ्या गालावर ओढला. जोरात लागली. मी रडले नाही, पण पीठ पुसलंही नाही. तसंच ठेवलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पुंगी एका सेकंदात वाजते ना? चाल. उजेड आहे अजून. डोळे मिटून उभी राहा. पुंगी वाजली की उघड. तवापर्यंत मी तुह्याजवळ पोचली नसली तर तू खरी, अन् मी उद्यापासून शाळेत.”

शाळेचं ऐकून ती उठली. तिला ती बोली फायद्याची वाटली.

नाल्याकाठच्या मोहाखाली ती डोळे मिटून उभी राहिली. छाती पुढं काढून, पोस्टरवर आहे तशी. मी प्लायवूडचा वाघ कॅमेऱ्यासमोरून ढकलत आणला. पळाले नाही. वाघ पळत नाही. चाकांखाली वाळलेली पानं होती, पण त्यांचा आवाज आईपर्यंत पोचला नाही, कारण ती रानाचा आवाज ऐकतच नव्हती. ती पुंगीचा आवाज ऐकत होती.

चौदा सेकंदांत मी तिच्या मागं पोचले. वाघाचं नाक तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. हात लांब केला आणि दोन बोटं तिच्या मानेवर ठेवली.

ती दचकली नाही. ती थिजली. वाघ जिथं धरतो तीच जागा. ती काकूला आणायला गेलेल्यांत होती, तिला ती जागा माहीत आहे.

“डोळे उघडू नको,” मी म्हटलं. “मोज माह्यासोबत. पंधरा.”

ती मोजायला लागली. सतरापर्यंत आवाज होता. पुढं नुसते ओठ हलत होते. माझ्या बोटांखाली तिची शीर उडत होती. मला वाटलं होतं मला मजा येईल. नाही आली. बत्तीसला मला ते बंद करायचं होतं, पण मी केलं नाही. छत्तीस. सदतीस. अडतीस.

पुंगी किंचाळली.

आईनं डोळे उघडले. वळून वाघाकडे पाहिलं, त्याच्या रंगवलेल्या डोळ्यांकडे. मग जमिनीवर बसली.

“पुरी खाऊन झाली असती मी,” ती म्हणाली.

*

सबनीस साहेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅबलेट घेऊन स्वतः आले. मी फोन करून सांगितलं होतं की नाही आलात तर तुमचा काळा आकडा बसस्टँडवर लावते, पोस्टरच्या शेजारी. पण फोन उचलायच्या आधीच ते निघाले होते म्हणे. असू दे. तेवढं त्यांच्या बाजूनं लिहा.

त्यांच्या मागोमाग सरपंच रेखाताई आल्या. बातमी ग्रामसेवकानं दिली असणार.

“वनिता, गावाचा विचार कर. पुरस्कार जाईल. हॉलच्या तारखा लागल्या हायेत. पंचायतीत माणूस आला अन् फोटो गप्प बसला तर कसं दिसंल?”

“ताई, वाघ आला अन् पुंगी गप्प बसली तर कसं दिसते ते मी पाह्यलं.”

“अगं पण वीसच दिवस तर मोह असते! बाकी वर्षभर ती अर्धी जागा रिकामी राहणार?”

“हाव.”

“फुकट?”

“रिकामीच पाह्यजे,” आई म्हणाली. “भरली का इंदूरले जाते.”

रेखाताईंनी माझ्याकडे बघितलं. हे कोणी शिकवलं ते त्यांना कळलं. “पोट्टी शाळेत जात नाही म्हणून हे उद्योग,” त्या म्हणाल्या.

“तुमचा मुलगा जाते ना? त्याले विचारा सरासरी म्हणजे काय,” मी म्हटलं.

आईनं मला गप्प केलं आणि पत्रक वाचायला सांगितलं. पूर्ण. मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. “पहिल्यांदा कोणी वाचून दाखवलं नाही,” ती सबनीस साहेबांना म्हणाली, “पण मीबी विचारलं नाही जी. फोटो काढून राहिले होते ना.” मग पदर नीट केला आणि सही केली. यावेळी अक्षरं थरथरली नाहीत.

पुढच्या चार दिवसांत गाव आमच्याशी बोलायचं बंद झालं. हत्ती हवेत अर्धे यायला लागले, पुढचे पाय आधी, सोंड नंतर. बसस्टँडवरच्या आईच्या दातांवर कोणीतरी शेण फासलं. समितीनं भेट रद्द केली. आमची सरासरी होती तेवढीच होती, पण अट बदलल्यामुळे सावळटोली आता ‘स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हतं’. पुरस्कार शेजारच्या गावाला गेला. त्यांची सरासरी शून्य पूर्णांक एकोणीस. आई तिथं जाऊन बायांना म्हणाली, एकदा मोजून पाहा. त्या म्हणाल्या, तुमचा पुरस्कार गेला म्हणून जळता का?

पाचव्या पहाटे आम्ही नाल्याकाठी होतो. रेखाताईही होत्या. त्यांची तीन झाडं आमच्या झाडाला लागून आहेत, पुंगी आल्यापासून त्याही तिथवर येतात. सरपंच झालं म्हणून मोहफुलं आपोआप घरी चालत येत नाहीत. त्या आमच्याकडे पाठ करून वेचत होत्या, मुद्दाम.

पुंगी किंचाळली. मी ‘एक’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते पूर्ण झालं नाही.

झाडावरचं एक जुनं मचाण वीस पावलांवर होतं. आई आधी रेखाताईंकडे धावली, त्यांना दंडाला धरून ओढत आणलं, खालून मी ढकललं. आम्ही तिघी वर बसलो आणि मग तो झाडीतून बाहेर आला. रेखाताई जिथं वाकल्या होत्या तिथं उभा राहिला. त्यांची टोपली हुंगली. मग तिथंच पाय पसरून बसला.

खाली शेपटी पानांवर आपटत होती.

मग रेखाताई कुजबुजल्या, “वनिता, तुह्या सहीपायी काल पालकमंत्र्यांचा कॉल तीनदा रांगेत अडकला. साऱ्या तालुक्यात माहं नाक कापलं.”

“हो का?” आई म्हणाली. “मग उतरा खाली. त्याले सांगा, मंत्र्यांचं आटपेपर्यंत थांब म्हणा.”

रेखाताई उतरल्या नाहीत. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता, नखं रुतेपर्यंत, आणि वाघ उठून जाईपर्यंत सोडला नाही. तक्रार मात्र एक मिनिट थांबली नाही.